विश्रामबाग वाड्याची वास्तुवैशिष्ट्ये : एक पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

दुसऱ्या बाजीरावाची प्रतिमा मराठी इतिहासलेखनात, आणि त्याहूनही अधिक मराठी लोकमानसात, जवळजवळ ठरून गेली आहे. पळपुटा, संशयी, विलासी ही विशेषणे त्याच्या नावाला इतकी चिकटली आहेत की त्याने बांधलेल्या वास्तूंचे मूल्यमापनही त्याच विशेषणांनी केले जाते. पुण्यातील विश्रामबाग वाडा हे याचे ठळक उदाहरण होय. १८०७ च्या सुमारास उभा राहिलेला हा वाडा पेशवेकालीन नागरी वास्तुकलेच्या मोजक्या शिल्लक नमुन्यांपैकी एक आहे. तथापि त्याविषयीचे बरेचसे लेखन दोन वाक्यांत आटोपते. वाड्याचे लाकडी कोरीवकाम अप्रतिम आहे, हे पहिले वाक्य. आणि राज्य बुडत असताना पेशवा नक्षीकामात रमला होता, हे दुसरे. पहिल्या वाक्यात वर्णन आहे, दुसऱ्यात निवाडा आहे. या दोहोंच्या मध्ये जे यावयास हवे, म्हणजे वास्तूचे वाचन, ते बहुधा राहून जाते.

प्रस्तुत लेखात विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग, त्याचे सुरूदार खांब व महिरपी आणि चौकांची रचना या तीन अंगांचा विचार केला आहे. तो करताना धन्याच्या चारित्र्यावरून घराचा निकाल लावण्याची पद्धत कितपत टिकते, हे तपासावयाचे आहे.

पुण्यातील वाड्याचा विचार फर्दापूरच्या परिसरातून करण्यात एक अनपेक्षित सोय आहे. सोयगाव तालुक्यातील या गावी औरंगजेबाच्या काळातील म्हणून ओळखली जाणारी सराई आहे आणि तेथून काही किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. मध्ये मोकळी जागा आणि भोवती खोल्यांच्या रांगा हे तत्त्व या दोन्ही ठिकाणी दिसते. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात मधल्या दालनाच्या तीन बाजूंना प्रत्येकी चार अशा बारा खोल्या असून प्रत्येकीत निजण्यासाठी दोन दगडी ओटे आहेत. सराईत भिक्षूंच्या जागी प्रवासी आले आणि छताच्या जागी आकाश आले; मधल्या अवकाशाकडे तोंड करून बसण्याची रीत मात्र तीच राहिली. वाडा याच कुळातला आहे. विहार, सराई व वाडा यांच्यात थेट वंशपरंपरा सांगण्याचा येथे हेतू नाही. तसा पुरावा देता येणार नाही. पण ज्याने विहार आणि सराई पाहिली आहे, त्याला वाड्याच्या चौकाचे नवल वाटत नाही. त्याला नवल वाटते ते वाड्याच्या रस्त्याकडील तोंडाचे. कारण विहाराला आणि सराईला रस्त्याशी बोलण्याचे कारण नव्हते. नगरातील घराला ते असते.

दर्शनी भाग : तटाकडून सज्जाकडे

विश्रामबाग वाड्याचे वेगळेपण समजण्यासाठी त्याच्या आधीचा पेशव्यांचा मुख्य वाडा समोर ठेवावा लागतो. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्याचा बांधकाम खर्च १६,११० रुपये झाल्याची नोंद सर्वश्रुत आहे. या वाड्याला तट आहे, नऊ बुरूज आहेत, पाच दरवाजे आहेत आणि दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक अडविणारे अणकुचीदार खिळे आहेत. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. दगडी कोट बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, म्हणून शाहू महाराजांकडून हरकत आली आणि वरचे काम विटांत झाले, अशी हकिकत सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट उघड होते : घराच्या बाहेरच्या भिंतीचे साहित्य हा त्या काळी राजकीय प्रश्न मानला जात होता. भिंत कशाची आहे, यावरून मालक कोण आहे हे ठरत होते.

विश्रामबाग वाड्याला असा तट नाही. आज ज्याला बाजीराव रस्ता म्हणतात, त्या रस्त्यालगत वाड्याचा लांबट लाकडी दर्शनी भाग उभा आहे. सुरूदार खांबांची ओळ, त्यांच्यामधील महिरपी आणि प्रवेशद्वाराच्या वर पुढे आलेला कोरीव सज्जा, अशी त्याची मांडणी आहे. शनिवारवाड्यात लाकूड आत होते आणि बाहेर दगड-वीट. येथे लाकूडच रस्त्यावर आले आहे. जे पूर्वी दिवाणखान्यात बसणाऱ्या निवडक माणसांना दिसत असे, ते आता तुळशीबागेकडे जाणाऱ्या कोणालाही दिसू लागले.

हा बदल कसा समजून घ्यावा? रूढ उत्तर असे की, सत्ता ओसरली म्हणून शोभा वाढली. कालक्रम या उत्तराला वरवर दुजोरा देतो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुण्यातून निघाला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला आणि १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेच्या बळावर तो पुन्हा पुण्यास आला. त्यानंतरच्या वर्षांतले हे बांधकाम आहे. त्यासाठी दोन लाख रुपये खर्च आल्याचे सांगितले जाते आणि हा आकडा शनिवारवाड्याच्या १६,११० रुपयांशेजारी ठेवून उधळपट्टीचा निष्कर्ष काढला जातो. ही तुलना सदोष आहे. शनिवारवाड्याचा तो आकडा मूळ वास्तूचा आहे. पुढील पिढ्यांनी त्यात केलेली भर त्यात येत नाही. शिवाय दोन्ही आकड्यांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. रुपयाचे मोल, मजुरीचे दर आणि सागवानाची उपलब्धता यांचा हिशेब न करता आकडे शेजारी मांडणे हा इतिहास नव्हे.

वसईच्या तहाचा या दर्शनी भागाशी संबंध आहे, पण तो नैतिक अधःपाताचा नव्हे, तर संरक्षणाच्या व्यवस्थेचा आहे. तहानुसार किमान सहा हजार कवायती पायदळाची इंग्रजी फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहावयाची होती. पेशव्यांचे रक्षण आता घराच्या भिंतीवर अवलंबून राहिले नाही. ते छावणीकडे गेले. तट अनावश्यक झाला तेव्हा दर्शनी भागाला दुसरे काम मिळाले. तटाने माणसाला दूर ठेवावयाचे असते; सज्जाने त्याला खाली उभे करून वर पाहावयास लावावयाचे असते. होळकरांच्या फौजेने हादरलेल्या शहरात परत आलेल्या पेशव्याला या दुसऱ्या कामाची गरज अधिक होती. धनी परत आला आहे आणि येथे राहतो आहे, हे शहराला दिसणे आवश्यक होते. याला दुबळेपणा म्हणता येईल, विलास मात्र म्हणता येणार नाही. दुबळेपणातून येणारे प्रदर्शन आणि सुखासीनतेतून येणारे प्रदर्शन या वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद मराठी लेखनात क्वचितच केला जातो.

या विवेचनाला एक मर्यादा घातली पाहिजे. पेठांमधील सरदार-सावकारांच्या वाड्यांना शनिवारवाड्यासारखा कोट कधीच नव्हता. रस्त्याकडे लाकडी सज्जा काढण्याची रीत पुण्यात बाजीरावाने सुरू केली असे म्हणता येणार नाही. विशेष एवढेच की, खुद्द पेशव्यांचे राहते घर गढीचा वेश टाकून पेठेतल्या घराच्या वेशात उभे राहिले.

नावाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘विश्राम’ आणि ‘बाग’ या दोन शब्दांनी विलासाच्या आरोपाला बरेच बळ दिले आहे. परंतु पुण्यात तुळशीबाग आहे आणि बेलबागही आहे, व ही दोन्ही देवालयांची आवारे आहेत. तेथे कोणी विलासासाठी जात नव्हते. शहराच्या वाढीत ज्या जागेवर आधी बाग होती, तिचे नाव नंतरच्या वास्तूला चिकटून राहणे ही पुण्याची सवय आहे.

सुरूदार खांब आणि न पेलणारी महिरप

वाड्याचे सर्वांत वाखाणले गेलेले अंग म्हणजे त्याचे लाकूडकाम. कौतुकापलीकडे जाऊन पाहिल्यास त्यात दोन प्रश्न दडलेले आढळतात : हे आकार आले कोठून, आणि ते करतात काय?

सुरूच्या झाडासारखा, तळाशी फुगीर व वर निमुळता होत जाणारा खांब हा ‘पेशवाई’ वास्तुशैलीची खूण मानला जातो. दगडी उथाळ्यावर उभा राहिलेला हा सागवानी खांब, त्याच्या पायाशी कोरलेल्या पाकळ्या, माथ्यावरचे हस्त, महिरपीच्या मध्यावरून लोंबणारे केळफूल, हे सारे पाहताना मराठी वाचकाला आपल्या घरी आल्यासारखे वाटते. पण हा खांब मराठी मुलखात जन्मलेला नाही. शाहजहानच्या काळातील मोगल राजवाड्यांत तो संगमरवरात आढळतो आणि तेथून तो उत्तरेकडील व दख्खनेतील दरबारी वास्तूंत पसरला. एवढ्यावरही गोष्ट थांबत नाही. मोगल वास्तुकलेच्या अभ्यासक एबा कॉख यांनी १९८२ मध्ये असे दाखविले की, या खांबाचा मूळ आकार मोगल दरबारात पोहोचलेल्या युरोपीय मुद्राचित्रांतून घेतलेला आहे. म्हणजे युरोपातील प्रबोधनकाळात घडलेला एक अलंकार कागदावरून आग्र्याला गेला, तेथे संगमरवरात उतरला, पुढे दक्षिणेत लाकूड झाला आणि सदाशिव पेठेत येऊन ‘अस्सल मराठी’ ठरला.

यावरून वाडा परका ठरत नाही. ‘अस्सल’ हा शब्द वास्तूच्या समीक्षेत किती निरुपयोगी आहे, एवढेच ठरते. पेशवाईचा अभिमान बाळगणारे आणि पेशवाईला नावे ठेवणारे, दोघेही या खांबाला सारख्याच निःशंकपणे मराठी म्हणतात, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. वाड्याची बांधणी खांब आणि तुळई यांची आहे. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणजेच कडीपाट, अशी भाराची वाट आहे. भिंती विटांच्या असल्या तरी मजल्यांचा भार मुख्यत्वे लाकडी सांगाड्यातून उतरतो. ‘खण’ हे घर मोजण्याचे जुने माप याच बांधणीतून आले. दोन खांबांमधले अंतर तुळईच्या लांबीने व ताकदीने ठरते आणि दिवाणखाना कितीही मोठा करावयाचा झाला तरी तो खणाच्या पटीतच मोठा करता येतो. म्हणून वाड्यातील मोठ्या दालनात मध्यभागी रुंद मोकळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा दिसतात. तेथे खांबांची गर्दी हौसेने केलेली नाही, झाडाच्या लांबीने ती करावयास लावली आहे.

अशा बांधणीत कमानीला काही काम नसते. दगडी कमान भार पेलते. दोन खांबांमध्ये बसविलेली लाकडी महिरप भार पेलत नाही. ती कोरलेल्या फळ्यांची आहे आणि वरच्या तुळईखाली टांगल्यासारखी बसलेली आहे. काढून टाकली तरी मजला पडणार नाही. बांधकामाशी प्रामाणिक असणे हाच वास्तूचा गुण मानणाऱ्या आधुनिक दृष्टीला ही महिरप खोटी वाटते, आणि या खोटेपणाची सांगड बाजीरावाच्या कारकिर्दीशी घालण्याचा मोह होतो : पोकळ सत्ता, पोकळ कमान. उपमा सुबक आहे, म्हणूनच ती तपासून घ्यावयास हवी.

येथे अजिंठा उपयोगी पडतो. एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या चैत्यगृहांत मान वर केली की गजपृष्ठाकृती छताला ओळीने दगडी फासळ्या दिसतात. त्या काहीही पेलत नाहीत, कारण सारे लेणेच एका डोंगरात कोरलेले आहे. लाकडी चैत्यगृहाच्या छताला जी वाकविलेली लाकडी कमानकाठी लागत असे, तिची ती दगडातील आठवण आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर रंगविलेल्या चौकटी पाहताना वर कापडी चांदवा ताणल्याचा भास होतो. तेथे दगड लाकडाची आणि कापडाची नक्कल करतो. पुण्यात लाकूड दगडाची नक्कल करते. पहिल्या नकलेला जग वारसा म्हणते व दुसरीला ऱ्हासाचे चिन्ह. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरविले, म्हणून त्यातील आकारांवरून वाकाटकांच्या अस्ताचे निदान कोणी करीत नाही. वास्तविक हरिषेणानंतर ती सत्ता फार काळ टिकली नाही. तरीही अजिंठ्याच्या समीक्षेत तो मुद्दा कलेच्या निवाड्याचा होत नाही. हा दुजाभाव का?

एका साहित्यातून दुसऱ्या साहित्यात आकार नेणे ही वास्तुकलेची फार जुनी रीत आहे. महिरप भार पेलत नसली तरी ती निरुद्योगी नाही. ती प्रत्येक खणाला चौकट देते. गादी-तक्क्यांच्या बैठकीत, म्हणजे जमिनीलगतच्या नजरेला, खांबांच्या रांगेतून समोर पाहताना प्रत्येक खण हे एक आसन होते. कोण कोठे बसला आहे हे त्या चौकटीने स्पष्ट होते. उभ्याने दालन पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला हे जाणवत नाही, कारण त्याची नजर महिरपीच्या आतून नव्हे तर तिच्यावर पडते. वाड्याचे दिवाणखाने बसून पाहावयाचे असतात, ही साधी बाबदेखील वर्णनांतून क्वचितच येते.

चौक : घराची श्रेणीव्यवस्था

वाड्यात तीन चौक आहेत. वाड्याची थोरवी पूर्वी चौकांवरून सांगत आणि त्याला कारण होते. चौक म्हणजे केवळ उजेड-वाऱ्याची सोय नव्हे. बाहेरून आत येणारा माणूस कोठपर्यंत येऊ शकतो, याची ती मोजपट्टी होती. दिंडी ओलांडून देवडीपर्यंत कोणीही येई. पहिल्या चौकाच्या ओसरीवर कामकाजाचे लोक थांबत. त्यापुढे घरचे, आणि त्याहून आत बायकांचा व स्वयंपाक-देवघराचा वावर, असा पेशवेकालीन मोठ्या वाड्यांचा सर्वसाधारण क्रम होता. रस्त्याकडून उघडा दिसणारा विश्रामबाग वाडा या क्रमाला अपवाद नव्हता. दर्शनी भाग जितका बोलका, तितका आतला भाग अबोल. सज्जा पाहून घर सर्वांना खुले आहे असे समजणारा माणूस देवडीवरच अडला असता.

मराठवाड्यातील वाड्यांशी तुलना केल्यास चौकाचे आणखी एक अंग दिसते. कमी पावसाच्या या प्रदेशात वाड्यावर मातीचे सपाट माळवद असते. उन्हाळ्यात रात्री निजावयास, धान्य वाळवावयास त्याचा उपयोग होतो आणि चौकावरचा ताण त्यामुळे कमी होतो. पुण्यात उतरते कौलारू छप्पर येते. मग पागोळ्यांचे सारे पाणी चौकात उतरते. चौकाची फरसबंदी, तिचा उतार आणि पाणी बाहेर काढणारी मोरी ही म्हणूनच पुणेरी वाड्याची महत्त्वाची अंगे ठरतात, जरी छायाचित्रांत ती कधी येत नसली तरी. एकच चौक दोन प्रदेशांत दोन प्रकारे वागतो. ‘वाडा संस्कृती’ असा एकसंध शब्द वापरताना हा फरक पुसला जातो आणि पुण्याचा वाडा हाच सगळ्या महाराष्ट्राचा वाडा होऊन बसतो.

एक वेल्श ‘थोरला वाडा’

नगरातील मोठ्या घराचा दर्शनी भाग आणि त्याच्या धन्याची स्थिती यांचा संबंध अन्यत्र कसा दिसतो, हे पाहण्यासाठी वेल्समधील कॉनवी या गावच्या ‘प्लास माउर’ या घराचे उदाहरण घेता येईल. नावाचा अर्थच मुळी ‘थोरला वाडा’ असा होतो. रॉबर्ट विन या वेल्श गृहस्थाने १५७६ ते १५८५ या काळात ते टप्प्याटप्प्याने बांधले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये वेल्श मुलूख जिंकून कॉनवीचा किल्ला व तटबंद नगर उभारावयास घेतले, ते इंग्रज वसाहतीसाठी. त्याच तटाच्या आत तीन शतकांनी एका वेल्श माणसाने गावातील सर्वांत देखणे घर बांधले. रस्त्याकडे देवडीची स्वतंत्र इमारत, आत चौक, पायऱ्यापायऱ्यांची त्रिकोणी भिंतटोके, खिडक्यांवर प्रबोधनकालीन धाटणीची त्रिकोणी शिरोभूषणे, आणि आतील दालनांत चुनेगच्चीतील रंगीत उठावकाम. त्यात रॉबर्ट विनची आद्याक्षरे आणि घराण्यांची मानचिन्हे जागोजागी.

विनने तरुणपणी युरोपात प्रवास केला होता. प्रबोधनकाळातील अलंकार त्याच्या घरापर्यंत पश्चिमेच्या वाटेने पोहोचले. सुरूदार खांबाचा आकार त्याच युरोपातून पूर्वेच्या वाटेने, आग्र्याला वळसा घालून पुण्यास आला. कॉनवीत मात्र त्या अलंकारावरून विनच्या चारित्र्याची चिकित्सा होत नाही. उलट त्याच्या घराण्याच्या उदयाची कथा त्यातून वाचली जाते. येथे एक आक्षेप रास्त आहे : विनचे घराणे वर चढत होते आणि बाजीराव खाली घसरत होता, तेव्हा दोन्ही घरांचा अर्थ एक कसा? आक्षेप मान्य करूनही एवढे उरतेच की, पाहुण्याला व रस्त्यावरच्या माणसाला धन्याची ओळख पटविणे हे काम दोन्ही घरे एकाच साधनाने, म्हणजे अलंकाराने, करीत होती. कर्तृत्व संपल्यावर अलंकार सुचतो, हा नियम दोहोंपैकी निदान एका घराने खोटा पाडला आहे.

दुसरे साम्य अधिक बोलके आहे. रॉबर्ट विन १५९८ मध्ये वारला. त्याच्या गुंतागुंतीच्या मृत्युपत्रामुळे वारसांचा वाद बराच काळ चालला आणि घरात मोठे फेरफार करावयास कोणास सवड झाली नाही. घर वाचले ते वादामुळे. पुढे तेथे भाडेकरू राहिले, शाळा भरली, मग चित्रकारांची अकादमी आली. १९९३ मध्ये वेल्समधील वारसावास्तूंची देखभाल करणाऱ्या कॅडू या संस्थेकडे ते गेले.

वापर : मूल्यमापनाची दुसरी कसोटी

विश्रामबाग वाड्याचे उत्तरायुष्य याच वळणाचे आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि १८१८ मध्ये शरण आलेला बाजीराव बिठूरला गेला. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, शुक्रवारवाडा त्याच्याही आधी. विश्रामबाग वाड्यात मात्र ६ ऑक्टोबर १८२१ रोजी संस्कृत पाठशाळा सुरू झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा शिक्षणाकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता. ही पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाले आणि त्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज निघाले. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन शिक्षणाचा एक उगम अशा रीतीने ‘विलासी’ पेशव्याच्या दिवाणखान्यात सापडतो. महाविद्यालयीन अध्यापकांनी तरी हे विसरू नये.

हे शक्य झाले ते बांधणीमुळे. खांबांवर उभी असलेली, आतल्या भिंतींवर फारशी अवलंबून नसलेली लांब दालने वर्गासाठी, कचेरीसाठी, सभेसाठी सहज वापरता येतात. देवडीवर पहारेकऱ्याऐवजी शिपाई बसला आणि ओसरीवर फिर्यादींऐवजी विद्यार्थी. घराला तोडफोड करावी लागली नाही. पुढे सरकारी कचेऱ्या आल्या, १९५९ पर्यंत पुण्याचा नगरकारभार येथून चालला, टपाल कचेरीने जागा घेतली. खण हे माप इतके लवचीक ठरले. ज्या वास्तूला नुसती शोभेची म्हणून हिणविले गेले, तिने दीडशे वर्षे सरकारी काम केले, ही गोष्ट तिच्या मूल्यमापनात कोठेतरी यावयास हवी.

वापराने वास्तू वाचविली तसे तिचे नुकसानही केले. कचेऱ्यांनी दालनांत फळ्यांचे आडोसे घातले, कोरीवकामावर तैलरंगाचे थर चढविले, सज्जांना खिडक्या बसविल्या. वाड्याच्या अलीकडच्या जतनकामाचे बरेच श्रम ही भर काढण्यातच गेले. शिवाय १८७९ मध्ये लागलेल्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला व तो नंतर पुन्हा उभारण्यात आला. बुधवारवाडा त्याच वर्षी आगीत नष्ट झाला. याचा समीक्षेवर सरळ परिणाम होतो. आज दिसणारा प्रत्येक खांब बाजीरावाच्या सुतारांचा मानता येत नाही. काही खांब १८०७ चे, काही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सुतारांनी जुने पाहून घडविलेले, आणि काही विसाव्या-एकविसाव्या शतकातील दुरुस्तीचे. बाजीरावाच्या अभिरुचीचा पुरावा म्हणून ज्या नक्षीकडे बोट दाखविले जाते, ती नेमकी कोणाच्या हातची, हे आधी सांगता आले पाहिजे.

हा प्रश्न ग्रंथालयात सुटणारा नाही. त्यासाठी खांबांच्या तळाशी बसावे लागेल. जुन्या सागवानाचा रेषेचा घट्टपणा, तासणीच्या खुणा, उथाळ्याच्या दगडातील फरक, हस्त आणि तुळई यांच्या सांध्याची पद्धत, जळाल्याचे डाग, यांची खणागणिक नोंद करून वाड्याचा कालदर्शक नकाशा तयार करावा लागेल. सुतारकीचे ज्ञान असलेला कारागीर आणि मोडी कागद वाचणारा अभ्यासक अशा नोंदीसाठी एकाच वेळी वाड्यात असले पाहिजेत. फर्दापूरच्या सराईतील ओवऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडते. तेथे सागवानाऐवजी चुना आणि वीट वाचावी लागेल, आणि ते काम विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला एका हिवाळ्यात हाती घेता येण्यासारखे आहे.